चार बोटं सागवान

बाबा,

मागच्या खोलीत आता तुमचा मुलगा राहतो. हे आधी सांगते, कारण कुठल्याही पत्रात तुम्हाला आधी त्याची खुशाली लागायची. तर त्याची खुशाली अशी: उजवा पाय गुडघ्याखाली नाही. साखरेनं नेला. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. त्याचा मुलगा पुण्यात असतो, चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की चार-चार दिवस बंदच असते. म्हणून तो परत यवतमाळला आला आहे. ज्या घराचा पुढचा भाग तुम्ही त्याच्या नावावर केला होतात, त्या घराच्या मागच्या खोलीत. पुढे मी राहते. त्याला ते विकून नागपूरला जायची घाई झाली तेव्हा मीच विकत घेतलं. तुमच्या मृत्युपत्रातलं वाक्य मला पाठ आहे. पुढील घर चिरंजीवास, मागील खोली कन्येस, आसऱ्यापुरती. ‘आसऱ्यापुरती’ हा शब्द तुम्ही स्वतः घालायला लावलात. मी वकिलाला विचारलं होतं.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. लोकांना वाटतं, मेलेल्या बापावर राग धरू नये. मला उलट वाटतं, मेलेल्यावरच धरावा, तो मधेच तोडत नाही. तुम्ही तर माझं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नाहीत.

मी चौदा वर्षांची आहे आणि आईला लकवा मारला आहे. उजवी बाजू गेली, तोंड किंचित वाकडं झालं, पण बोलणं दोन महिन्यांत परत आलं, आणि मला वाटतं तीच तुमची अडचण झाली. तुम्ही ओव्हरसिअर. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत ठेकेदार बसायचे, चहा व्हायचा, नकाशे उलगडायचे, आणि मधल्या खोलीतून आईची हाक यायची, कधी पाण्यासाठी, कधी भांड्यासाठी. ठेकेदार कपात बघायचे. मग एका रविवारी तुम्ही जाहीर केलंत की तिला मोकळी हवा हवी, आणि मागे सांदवाडीत, विहिरीच्या पलीकडे, सीताफळाच्या झाडाजवळ चुन्याच्या रेघा मारल्या. सहा आठवड्यांत खोली उभी. एक खोली, एक न्हाणी, पुढे लहानसा ओटा. सगळी गल्ली बघायला आली. “बायकोसाठी घर बांधलं हो मानसानं,” समोरच्या काकू म्हणाल्या, “आमच्याइथं तं बिमार पडलो तर पडवीत टाकतीन.” तुम्ही हात मागे बांधून उभे होतात. इतकं समाधान मी तुमच्या चेहऱ्यावर एरवी फक्त स्लॅब पडताना पाहिलं होतं.

जोतं अडीच फूट. काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, भिंत फोडते, म्हणून जोतं उंच. हे खरं होतं. तुमचं खोटं नेहमी अशा एखाद्या खऱ्या दगडावर उभं असायचं. चढायला चार पायऱ्या. दार मात्र रुंद, दोन फळ्यांचं, खाट आत जावी म्हणून. आणि त्या रुंद दाराला पांढरकवड्याहून आणलेल्या सागवानाचा उंबरठा, चार बोटं उंच. तुम्ही त्यावर हात फिरवून म्हणालात, “शंभर वर्षं हलणार नाही.” पंचावन्न झाली. हललेला नाही.

पाठीमागच्या रस्त्यावर ज्यांचं गॅरेज होतं ते चाचा तुम्हाला आठवत असतील, तुम्ही त्यांच्याशी कधी बोलला नाहीत तरी. त्यांनी न सांगता, न विचारता आईसाठी एक गाडी करून आणली. जाड पाटाला खाली चार जुनी बेअरिंगं. त्यावर बसून आई डाव्या हातानं फरशी रेटायची आणि गाडी खर्रर्र करत पुढे जायची. पहिल्या दिवशी ती खोलीभर नऊ-दहा फेऱ्या मारत राहिली आणि हसत राहिली, वाकड्या तोंडानं. मग ओट्यावर जाऊ म्हणून दाराशी आली, आणि बेअरिंगं सागवानाला लागली. तिथून पुढे चार वर्षं ती तिथेच येऊन थांबली.

पायऱ्या तिला उतरायच्याच नव्हत्या, हे लक्षात घ्या. तिला ओटा हवा होता. खोली आणि ओटा एकाच पातळीवर होते, मधे फक्त ते लाकूड. ओट्यावरून सीताफळाची सावली मिळायची, घराच्या कडेच्या बोळातून पुढचं अंगण दिसायचं, फाटक दिसायचं, गल्लीतून जाणारं माणूस दिसायचं. सुरुवातीला मी आणि धुणीवाली मिळून गाडीसकट तिला पलीकडे ठेवत होतो. मग तुम्ही म्हणालात, रविवारी नको. मग म्हणालात, कुणी यायचं असेल तेव्हा नको. तुमच्याकडे रोजच कुणीतरी यायचं असायचं.

तिनं तुम्हाला पहिल्यांदा विचारलं तो दिवस दसऱ्याचा होता. तुम्ही बाहेरून उंबरठ्याला हळदकुंकू लावत होतात, ती आतून बघत होती.

“अवो, हे लाकूड तासून टाका न,” ती म्हणाली. “ओट्यावर बसत जाईन. तेवढंच मांगून राह्यली.”

“उंबरठा कापत नसतात. आपल्यात कापत नाहीत. घरातली लक्ष्मी निघून जाते.”

“लक्ष्मी हे काय, इथं बसली पाटावर. कुठं पळून राह्यली ते?”

तुम्ही हसला नाहीत. मी हसले, आणि हसता हसता मला जे दिसत होतं ते बोलून गेले. विहिरीच्या डाव्या हाताला आपला गोठा होता, तोही तुम्हीच बांधलेला. म्हैस पावसात घसरू नये म्हणून त्याला तुम्ही दगडी उतार केला होता, खरबरीत, पाऊल धरणारा. दाराला उंबरठा नव्हता. मी म्हटलं, “म्हशीला उतार आणि आईला उंबरठा, असं काहून?” तुम्ही शांतपणे तबक खाली ठेवलंत. “कॉन्व्हेंटात सिस्टर लोक हे शिकवतात का? बापाशी वकिली करायला?” आणि दुपारी, सणाच्या जेवणावर बसल्यावर, मला भरल्या ताटावरून उठवलंत. तुम्ही हात कधी उगारत नव्हतात, त्याचं सगळ्या नातेवाइकांना कौतुक होतं.

आता तुमच्या चिरंजीवांबद्दल. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. शाळेतून आला की तो आईच्या खोलीत जायचा, आईला भेटायला नव्हे, गाडी घ्यायला. ती खाली उतरून भिंतीला टेकली असली की गाडी उचलायची आणि गल्लीत पळवायची. गल्लीतल्या सगळ्या पोरांत बेअरिंगची गाडी त्याच्या एकट्याकडे होती. अंधार पडेपर्यंत त्याचा खर्रर्र आवाज ऐकू यायचा, आणि आई फरशीवर, जिथे होती तिथे. मी तक्रार केली तर तुम्ही म्हणालात, “खेळू दे. ती तरी कुठे जाणार आहे?” हे तुम्ही तिच्यासमोर म्हणालात. मी हे वाक्य पंचावन्न वर्षं सांभाळून ठेवलं आहे, लोक दागिने सांभाळतात तसं.

आमचं उचलणं बंद झाल्यावर त्या दारातून ती एकदाच बाहेर आली, चौघांनी उचलून. तेव्हा दाराची रुंदी उपयोगी पडली.

मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली ती सिस्टरांच्या इंग्रजीमुळे, आणि रुजू व्हायच्या दिवशी तुम्ही मला पातळी बघायची तुमची पितळी पाणसळ दिलीत. “डोकं असं पाहिजे,” म्हणालात, “बुडबुडा कायम मधोमध.” तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू आहे जी तुम्हाला स्वतःला आवडायची, हे मी मान्य करते. पस्तीस वर्षं मी नागपूर जोडलं, हैदराबाद जोडलं, बाळंतपणं आणि मयती जोडल्या, एकही नंबर चुकीचा लावला नाही. तुम्ही गेल्यावर भावजयीला पुढच्या घरात नणंद नको होती, म्हणून मागच्या खोलीत मी गेले. रोज तो उंबरठा ओलांडून कामावर जात होते. मला पाय होते, त्यामुळे काही अडलं नाही.

तुम्हाला हे आवडणार नाही, पण तुम्ही बांधलेल्या सगळ्या इमारतींत कामाची ठरली ती ही खोलीच. मी पुढे राहायला आल्यावर तिथे वणीहून बदलून आलेली एक नर्स दोन वर्षं राहिली. मग पांढरकवड्याकडच्या खेड्यांतल्या दोन मुली, परीक्षेच्या अभ्यासासाठी. त्या भिंतीवर नद्यांची नावं लिहून गेल्या, मी ती पुसली नाहीत. मग समोरचे काका, त्यांच्या घराचं काम निघालं तेव्हा आठ महिने. एवढीशी खोली, पण कधी कुणाला नाही म्हणाली नाही. गल्लीनं ते पाहिलं. आपल्याकडचे प्लॉट तुम्हाला माहीतच आहेत, पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब, आणि त्या लांबीत भंगार आणि एरंड. आता ज्याच्या त्याच्या मागे लहान घर उठतं आहे. कुणी म्हाताऱ्या आईबापासाठी बांधतं, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या मुलीसाठी, कुणी भाड्यानं द्यायला, पुढे आपल्यालाच कामी येईल म्हणून. आणि प्रत्येक जण आधी मला विचारायला येतो. कोपऱ्यावरची सून तर म्हणते, “आत्याबाईची पाणसळ लागल्याबिगर गल्लीत वीट बसत नाही.” मी खरोखर पाणसळ घेऊन जाते. दार तीन फूट. पायरी नको, उतार हवा, आणि तो लांब हवा, घसरगुंडी नको. न्हाणीत धरायला दांडी, दाराची फळी बाहेर उघडणारी. एकानं सासूच्या खोलीला संगमरवरी उंबरठा घातला होता, चकचकीत. मी त्याला भर रस्त्यात विचारलं, “सासू आत ठेवायची आहे की बाहेर काढायची नाही?” दुसऱ्या दिवशी संगमरवर निघाला. अशी चार घरं झाली आहेत आपल्या गल्लीत, बाबा, चारही बिनउंबरठ्याची, आणि चारही घरांतली लक्ष्मी जागेवर आहे.

मग दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. “ताई, मागची खोली रिकामीच हाय न?” मी म्हटलं, आहे. “मंग मी येऊ का?” चौसष्ट वर्षांचा माणूस, आवाज शाळा बुडवलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, ये.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. हा गल्लीतली चारही घरं बांधलेला, माझ्या शिव्या ऐकून तयार झालेला मिस्त्री. पायऱ्यांवरून ओट्यापर्यंत उतार केला, तीस फूट लांब, मधे वळण घेऊन, खरबरीत, तुमच्या गोठ्यासारखा. न्हाणीत दांड्या बसवल्या, बटणं खाली घेतली. पाणसळ मी स्वतः लावून पाहिली. सगळं झाल्यावर तो दारात उकिडवा बसला आणि उंबरठ्यावर बोटांनी टकटक केलं.

“बाई, हे राह्यलं. खुर्चीचं पुढचं चाक लहान असते, इथं अटकन.”

“असू दे.”

“असू दे कायले? अर्ध्या घंट्याचं काम हाय. करवत संगच आणली मी.”

“आमच्यात उंबरठा कापत नाहीत.”

त्यानं लगेच बोटं मागे घेतली. “मंग ठीक हाय. धरमाच्या गोष्टीत आपण बोलत नाही.” थोडा विचार करून म्हणाला, “दोन्हीकून लाकडाची पाचर देऊ का लावून? कापाचं कामच नाही. चाक वरून निंगून जाईन.”

“नंतर पाहू,” मी म्हटलं.

तुम्ही ‘आपल्यात’ म्हणाला होतात, मी ‘आमच्यात’ म्हणाले. एवढाच फरक. चार घरांचे उंबरठे काढायला लावणारी बाई असं म्हणते, तर काहीतरी घराण्याची रीत असेल, असं त्याला वाटलं असावं. माणूस सज्जन आहे. तुमच्यासमोर आई बसली होती आणि तिला माहीत होतं की तुम्ही खोटं बोलता आहात. माझ्यावर त्यानं विश्वास ठेवला.

भाचा गाडी घेऊन आला, बापाला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं, “आत्या, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही,” म्हणाला आणि संध्याकाळी निघून गेला. त्याला तीन आठवडे झाले. तुमचा मुलगा सकाळी सातला खुर्ची रेटत दाराशी येतो. चाक सागवानाला लागतं, टक्. मग तो थांबतो. मी ओट्यावरून कप देते, तो आतून घेतो.

“ताई, आज चहा गोड लागून राह्यला.”

“एक पाय खाऊन भागलं नाही का तुझं?”

तो हसतो. पूर्वी असं बोलले असते तर तुम्हाला जाऊन सांगितलं असतं त्यानं. आता हसतो आणि कप परत देतो. मी पुढे येते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, तो तिथेच बसलेला असतो. ओट्यावर सीताफळाची सावली असते, त्याच्यापासून दीड हातावर. मी वाट बघते आहे, बाबा. तो मागेल याची. म्हणेल, ताई, एवढं लाकूड तासून टाक. त्याला काय उत्तर द्यायचं ते माझं ठरलेलं आहे, सव्वीस वर्षं आणि त्याआधीची एकोणतीस, तेवढंच तर ठरवत होते. पण तो मागत नाही. आईनं मागितलं होतं. हा मूर्ख मागतच नाही. रोज येतो, टक्, थांबतो, जणू जग तिथपर्यंतच आहे.

काल मात्र कप घेताना त्यानं हात मागे घेतला नाही. खाली लाकडाकडे बघत म्हणाला, “ताई, आईची गाडी इथंच अटकत होती न.”

“हो.”

“मी नेत होतो ते. शाळेतून आलो का नेत होतो. मले सारं आठवते.” मग म्हणाला, “तवा आई ओरडत काहून नव्हती माह्यावर?”

मी म्हटलं, “ओरडायची. रोज ओरडायची. तुला खेळण्यात ऐकू येत नव्हतं.”

त्यानं कप न पिता परत दिला, खुर्ची वळवली आणि आत गेला. दुपारी मी झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच होतं. तुम्ही मला एका सणाला ताटावरून उठवलं होतंत. मी त्याला ताटावर बसूच दिलं नाही. तुमच्यापेक्षा बरं जमलं.

आई ओरडत नव्हती. तुम्हाला ते कधी माहीत नव्हतं, कारण त्या वेळी तुम्ही ऑफिसात असायचा. ती भिंतीला टेकून फरशीवर बसायची आणि कान गल्लीकडे लावायची. मला म्हणायची, “चूप, ऐकू दे. पिंपळापर्यंत गेला पोट्टा. आता वळला, पाह्य, आता उतारावर हाय.” तिला आवाजावरून सगळी गल्ली दिसत होती. मी चिडून गाडी आणायला उठले की डाव्या हातानं माझा फ्रॉक धरायची. “राहू दे व माय. मी नाही तं माही गाडी तं हिंडून राह्यली.”

हे मी काल त्याला सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती. मी तिसरंच सांगितलं.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते, जे मी तुमच्या खाती टाकून मोकळी झाले होते. मी सतरा वर्षांची आहे. तुम्ही तीन दिवस दौऱ्यावर गेला आहात. आई मला म्हणते, “गोठ्यात करवत हाय. तू हुशार हायेस. तास अन् वरून माती चोळ, तुह्या बापाले समजणार बी नाही.” मी म्हटलं, माझी परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. शनिवारी कॉन्व्हेंटातल्या मैत्रिणी यायच्या, पुढच्या अंगणात आम्ही खुर्च्या टाकून बसायचो, आणि आई माहेरी अमरावतीला असते असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. ओट्यावरून पुढचं अंगण दिसतं. अंगणातून ओटाही दिसतो. तुमची भीती मला कधीच नव्हती, बाबा. असती तर ताटावरून उठवून घेण्याइतकं बोलले असते का? करवत हाताशी होती, तीन दिवस होते, आणि मी दार ओढून घेतलं. ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तुम्हाला तिनं चार वर्षांत किती वेळा विचारलं ते मी मोजू शकत नाही, मला एकदाच.

हे पत्र कुठे जाणार नाही. पाणसळीच्या पेटीत घडी घालून ठेवीन, तिथे जागा आहे. आज सकाळी सातला टक् झालं नाही. तो दाराशी आलाच नाही, आत पडून आहे, जागा आहे, मला चाहूल लागते. मी चहा ओट्यावर ठेवून आले. मग फोन उचलला आणि मिस्त्रीला लावला. नंबर शोधावा लागला नाही, मला नंबर पाठ असतात. दोन रिंगांत त्यानं उचलला. “बोला बाई. पाचर घेऊन येऊ का करवत?”

मी म्हटलं, राँग नंबर लागला.